दांड्याची सायकल

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी चार दिवस मी कराडला माहेरी गेले होते. माळा झाडून झाला, पितळेची भांडी चिंचेने घासून झाली, आणि मग मागच्या पत्र्याच्या शेडची पाळी आली. दादाने भंगारवाल्याला बोलावलंच होतं. मोडका कूलर गेला, गळकी पिंपं गेली, आणि शेवटी कोपऱ्यातून ओढत बाहेर आली ती दादाची जुनी सायकल. टायरांचा भुगा झालेला, सीट उंदरांनी कुरतडलेली, साखळी गंजून काठीसारखी ताठ. भंगारवाल्याने ती काट्याला अडकवली नि म्हणाला, "सतरा किलो. चारशे देतो, ताई."

"थांबा, ती राहू दे," मी म्हणाले. माझं मलाच नवल वाटलं.

दादा हसला. "काय करणार तू तिचं? लोणचं घालणार?" आई म्हणाली, "अगं, दांड्याची सायकल ती. आता या वयात चालवणार आहेस का?" मी काही बोलले नाही. पण आठ दिवसांनी दादाच्या ओळखीच्या टेम्पोतून ती सायकल साताऱ्याला आमच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा सासूबाईंनी विचारलेला पहिला प्रश्नही तोच होता. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याकडेही नीट उत्तर नव्हतं.

शेडमध्ये उभी राहिलेली

ही काही कुणी संग्रहात ठेवावी अशी सायकल नाही. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर आपल्या गावोगावी ज्या जाड्या टायरांच्या, सरळ हँडलच्या सायकली आल्या, त्यांतलीच एक. कुठल्याही कंपनीची असो, पोरं तिला सरसकट 'रेंजर' म्हणायची. नाव डोंगरावर चढायचं, पण गिअर एकही नाही. दादा आठवीत गेला तेव्हा, म्हणजे २००० साली, बाबांनी ती घेतली. निळा रंग आणि त्यावर पिवळे पट्टे. आळीतली मुलं नुसती बघायला यायची.

मी तेव्हा सहावीत. सायकल दादाची आणि तिला दांडा, त्यामुळे ती मुलींची नव्हेच असं ठरलेलं होतं. तरी दुपारी सगळे झोपले की मी ती हळूच बाहेर काढायची. सीटवर बसले की पाय पुरायचे नाहीत, म्हणून दांड्याखालून पाय पलीकडे घालून अर्ध्या पायडलवर चालवायची. गुडघे किती वेळा फुटले याची गणती नाही. पण चालवायला मी शिकले ती तिच्यावरच.

पुढे मी दहावी झाले. विज्ञानशाखेचं कॉलेज घरापासून पाच किलोमीटरवर होतं आणि बसची वेळ जुळत नव्हती. कलाशाखेचं कॉलेज दहा मिनिटांच्या वाटेवर. मी कलाशाखेला गेले. त्याचं मला दुःख आहे असं नाही. मराठी विषय घेऊन बीए झाले, आज त्यावरच शाळेत अर्धवेळ शिकवते. पण त्या वेळी दादा डिप्लोमासाठी परगावी होता आणि ही सायकल शेडमध्ये नुसती उभी होती. 'सायकलने जाऊ नकोस' असं मला कुणीही म्हटलं नाही. मीच कधी विचारलं नाही. ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्यासुद्धा. भंगारवाल्याच्या काट्याला ती लटकली, तेव्हा वीस वर्षांनी पहिल्यांदा हे माझ्या ध्यानात आलं.

जन्मच मुळी भंगारातला

आमच्या घरात सायकल येऊन पडली तशी तिची कुळकथा शोधायची मला हौस वाटू लागली, आणि जे सापडलं त्याने माझा धीर वाढला. डोंगरी सायकलीचा जन्मच मुळी भंगारातून झालेला आहे!

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात तमालपाइस नावाचा डोंगर आहे. १९७०च्या दशकात तिथली काही तरुण मंडळी डोंगरातल्या कच्च्या वाटांवरून सायकली खाली सोडायची. शर्यतीच्या नाजूक सायकली तिथे टिकणार नाहीत, म्हणून त्यांनी १९३०-४०च्या काळातल्या, जाड टायरांच्या, जुन्या दणकट सायकली शोधल्या. श्विन कंपनीच्या अशा सायकलींवर त्यांचा विशेष जीव. अडगळीतून आणि जुन्या बाजारातून त्या स्वस्तात मिळायच्या. घरी आणायच्या, नको ते मडगार्ड काढून टाकायचे, मोडलेलं बदलायचं आणि डोंगरावर न्यायच्या.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी एका उतारावर पहिली शर्यत लावली. त्या उताराचं नावच पडलं 'रीपॅक'. कारण असं की त्या जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असायचा. एवढा उतार उतरता उतरता तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा, आणि खाली आल्यावर तुंबा उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. नव्याने भरणं, तेच रीपॅक. या टोळक्यात वेंडी क्रॅग नावाची एक बाईही होती. ती स्वतः त्या वाटांवरून सायकल चालवायचीच, शिवाय कॅमेरा घेऊन जायची. त्या दिवसांचे फोटो आज पाहायला मिळतात ते मोठ्या प्रमाणावर तिच्यामुळे.

जुन्या सांगाड्यांवर भागेना तेव्हा १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी नवा सांगाडा स्वतः बनवला. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याने बनवलेले सांगाडे घेऊन अशा सायकली विकण्याचा धंदा सुरू केला. १९८१ मध्ये 'स्टंपजंपर' ही कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होणारी डोंगरी सायकल बाजारात आली. पंधरा वर्षांत ही पोरखेळातली गोष्ट थेट ऑलिंपिकमध्ये पोचली. १९९६ साली अटलांटा इथे डोंगरी सायकलींची शर्यत प्रथमच झाली आणि स्त्रियांचं सुवर्णपदक इटलीच्या पाओला पेत्सोने घेतलं. चार वर्षांनी सिडनीलाही तिनेच.

आमच्या सतरा किलोंच्या सायकलीची ही कुठली तरी लांबची चुलत-मावस नाती. पण जाड टायर, सरळ हँडल आणि जाड नळ्यांचा सांगाडा ही घराण्याची खूण तिच्यातही उतरली आहे.

रविवारची दुपार आणि जुना टूथब्रश

पहिल्या रविवारी मी सायकल अंगणात उलटी उभी केली. पुष्कळ कामं घरच्या घरी होतात, आणि त्याला लागणारं सामान आपल्याकडे असतंच. जुने टूथब्रश, जुन्या बनियनची फडकी, साबणाचं पाणी, एक पसरट भांडं. रॉकेल आता सहजासहजी मिळत नाही, म्हणून मी पेट्रोलपंपावरून एका डब्यात थोडं डिझेल आणलं. हे काम अंगणात नाहीतर गच्चीतच करावं, आणि जवळपास गॅस किंवा उदबत्तीसुद्धा पेटलेली नको.

हँडल आणि रिम यांवर चकाकीचा मुलामा असतो. त्यावर गंजाचे तपकिरी ठिपके धरले असले की स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियमच्या कागदाचा बोळा करावा, पाण्यात बुडवावा आणि हलक्या हाताने घासावं. काळपट मळ निघतो, तो पुसला की खाली चकाकी दिसते. जिथे मुलामाच उडून गेला आहे तिथे मात्र काही येत नाही. रंगावर हा बोळा चालवू नये, ओरखडे पडतात. रंगाला साबणाचं पाणी, कोरडं फडकं आणि वरून गाडीचं पॉलिश एवढं पुरे. मी निळा रंग पुन्हा लावला नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी झगझगीत लाल सुचवला होता, पण पिवळ्या पट्ट्यांखाली दादाने खिळ्याने कोरलेलं स्वतःचं नाव दिसलं, ते घालवायला मन होईना.

साखळी डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवली, तरी तिच्या कड्या हलेनात. ती नवीच घ्यावी लागली. सासूबाई म्हणाल्या, "खोबरेल तेल सोड गं, सुटेल." त्यांच्या सांगण्याला नाही म्हणवेना, पण साताऱ्याच्या थंडीत खोबरेल बाटलीत थिजतं तसंच ते साखळीतही थिजायचं, आणि मग धूळ धरून त्याचं कीट व्हायचं. साखळीला शिलाईमशिनचं तेल बरं. एकेका कडीवर एकेक थेंब टाकायचा आणि वर राहिलेलं पुसून घ्यायचं. बाहेर दिसतं ते तेल फक्त धूळ गोळा करतं.

पायडल काढताना माझी चांगलीच फजिती झाली. उजवं सहज निघालं. डाव्याशी अर्धा तास झटापट केली, पान्यावर उभी राहिले, तरी ढिम्म हलेना. मग कळलं की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. म्हणजे आपण जिकडे फिरवून घट्ट करतो तिकडेच फिरवलं की ते सुटतं. सरळ आटे असते तर चालवता चालवता ते आपोआप सैल झालं असतं. मी अर्धा तास ते सोडवत नव्हते, आवळत होते.

दोन सव्वीस

दुसरी फजिती पैसे खर्चून झाली. जुन्या टायरच्या भुग्यावर '२६' एवढाच आकडा वाचता आला, म्हणून मी बाजारातून सव्वीसचे दोन टायर आणले. ते रिमवर बसेचनात. तेव्हा आमच्या पेठेतल्या सायकलवाल्या चाचांकडे गेले. त्यांनी टायर हातात घेतला नि म्हणाले, "ताई, हा लेडीज सायकलीचा. सव्वीस आणि सव्वीस सारखे नसतात."

हे प्रत्येकीने लक्षात ठेवण्यासारखं आहे. सव्वीस इंच हे माप टायरच्या बाहेरच्या व्यासाचं, तेही ढोबळ. टायर जाड असला की तोच व्यास गाठायला आतलं रिम लहान लागतं. लेडीज सायकलीच्या बारीक टायरवर '२६ गुणिले १ पूर्णांक ३/८' असं अपूर्णांकात लिहिलेलं असतं. त्याच्या रिमचं माप ५९० मिलिमीटर. डोंगरी सायकलीच्या टायरवर '२६ गुणिले १.९५' असं दशांशात असतं. त्याचं माप ५५९ मिलिमीटर. दोहोंत तीन सेंटिमीटरचा फरक, मग बसणार कसं? दुकानात जाताना जुना टायर सोबत न्यावा, किंवा हे तीन आकडी माप वाचून टिपून न्यावं. माझे टायर दुकानदाराने बदलून दिले, पण ते माझं नशीब.

जे आपल्या हातचं नाही

काही कामं मात्र जाणत्याकडेच सोपवावीत. पायडलच्या दांड्या मधल्या आसाला पक्क्या धरून ठेवणारी कॉटरपिन ठोकून काढायची असते. अर्धवट ठोकली तर वाकते, आणि मग ती ना आत ना बाहेर. आतले छर्रे, कप आणि आस झिजले असतील तर बदलावे लागतात. चाकाला आलेला आउट काढणं, म्हणजे एकेक तार आवळून-सैल करून चाक सरळ धावायला लावणं, ही तर कलाच. मी चाचांच्या शेजारी स्टुलावर बसून ती पाहिली. चाक फिरवायचं, बोटाचं नख रिमजवळ धरायचं, जिथे रिम नखाला लागेल तिथली तार शोधायची. बोलणं नाही, घाई नाही. चाचा म्हणाले की पूर्वी सकाळपासून ओळ लागायची, ओव्हरऑयलिंगला चार-चार दिवस सायकल ठेवून जावी लागे. आता दिवसात तीन-चार पंक्चर आली तरी पुष्कळ.

त्यांनीच मला मोलाचा सल्ला दिला. "साताऱ्यात चालवायची ना? मग मागचं फ्रीव्हील बदला." पुढच्या चक्राला ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरणार आणि सायकल साधारण पाच मीटर पुढे जाणार. सपाटीवर हे छान, चढावर जीव काढणारं. त्याऐवजी २२ दातांचं बसवलं की चाक नेमकं दोनदा फिरतं, सायकल चार मीटरच जाते, पण पायाला तितकं हलकं लागतं. साखळीच्या दोन कड्या तेवढ्या वाढवाव्या लागल्या. हाच हिशेब मी नंतर सातवीच्या मुलांना फळ्यावर घातला. एरवी गुणोत्तर म्हटलं की जांभया देणारी मुलं त्या दिवशी तास संपल्यावर स्टँडवर जाऊन दात मोजत बसली होती.

खर्च लिहून ठेवला आहे. दोन टायर ७००, दोन ट्यूब २४०, साखळी १५०, फ्रीव्हील १३०, ब्रेकचे रबर आणि वायरी १४०, छर्रे-कप-आस १५०, सीट ३००, मजुरी ३५०. एकूण २,१६० रुपये.

चढ आणि उतार

आता हा खटाटोप कशासाठी, ते सांगते. माझी शाळा गोडोलीकडे, घर राजवाड्याजवळ. तास अकरापासून दोनपर्यंत. हे कामाला साडेनऊला निघतात. त्यांच्या स्कूटरवर गेले तर दीड तास शिक्षकखोलीत बसून राहायचं, नाहीतर रिक्षा करायची. जाऊन येऊन शंभर रुपये. महिन्याअखेर हिशेब केला की अर्धवेळच्या पगारातला चौथा हिस्सा रिक्षात गेलेला दिसायचा. त्यातून वर्षानुवर्षं मी ह्यांच्या मागे बसायची नाहीतर रिक्षाची वाट बघत उभी राहायची. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की यात आणखी काही होऊ शकतं हेच सुचलं नव्हतं. अगदी त्या शेडमधल्या सायकलीसारखंच.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला, कुणी बघायच्या आत, मी गल्लीत सायकल काढली. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. पायडलवर पाय ठेवला आणि दोनदा डगमगले, तिसऱ्यांदा निघाले. वीस वर्षांनंतरही अंग विसरलेलं नव्हतं. आणि यावेळी सीटवर बसून पाय पुरत होते!

उगाच गोड-गोड सांगत नाही. सातारा म्हणजे चढ-उतार. राजवाड्याहून पोवई नाक्याकडे जाताना वारा कानात शिरतो, बरं वाटतं, पण दुपारी दोनला उन्हात परत येताना तोच उतार चढ होतो. अजूनही मी मध्ये उतरते आणि सायकल हाताने ढकलत वर नेते. लाज वाटत नाही. पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या दुखल्या की जिना उतरताना कठड्याला धरावं लागे. पावसात रिम ओलं झालं की ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा मी सरळ रिक्षाने जाते. हे आधी म्हणाले, "पडशील." मग म्हणाले, "रिफ्लेक्टर लावून घे." हल्ली रविवारी हवा तेच भरून ठेवतात. मी काही म्हटलं नाही, त्यांनीही काही म्हटलं नाही.

दांड्याचा बाऊ

बायकांच्या सायकलीला खाली वाकलेला दांडा, तो लांब झग्यांची आणि साड्यांची सोय म्हणून. सोय ती सोयच, पण तिचा पुढे नियम झाला. तमिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१च्या सुमारास साक्षरतेची मोठी मोहीम चालली होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तिच्यात बायकांना सायकल शिकवणं घातलं. शेतमजूर, खाणीत राबणाऱ्या, अंगणवाडीतल्या अशा हजारो जणी शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी दांड्याच्या सायकली घेतल्या. कित्येकींना त्याच जास्त आवडल्या, कारण दांड्यावर पोर बसवता येतं! मी हे वाचलं तेव्हा स्वतःशीच हसले. ज्या दांड्याचा आम्ही घरात एवढा बाऊ केला, त्याच्यावर त्या बाया पोरं बसवून बाजाराला जात होत्या.

संक्रांतीला दादा आला. दारात सायकल पाहून थबकला. कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं, मग चपला काढून गल्लीत एक फेरी मारून आला. चहा पिताना म्हणाला, "तू कॉलेजला होतीस तेव्हा ही घरीच पडून होती, नाही का?" मी म्हटलं, "हो." तो बराच वेळ गप्प बसला. जाताना म्हणाला, "पुढच्या ब्रेकची वायर जरा ओढून घे." मी त्याला तिळगूळ दिला. भांडायला काही उरलं नव्हतं.

आपल्या जिन्याखाली, गॅलरीत, माहेरच्या मागल्या पडवीत अशी एखादी सायकल असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा अंगणात उलटी करून बघा. नवी साधी सायकल घ्यायची तर आज साधारण सहा-सात हजार मोजावे लागतात. जुनी दोन हजारांत उभी राहत असेल तर ती हातची का घालवा?

जुनी सायकल नीट करण्याआधी

• सांगाडा पुसून जोडाच्या जागा नीट बघा, विशेषतः हँडलच्या खाली आणि पायडलजवळ. चीर दिसली तर ती सायकल दुरुस्तीच्या भानगडीत न पडता भंगारातच द्यावी.

• चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, सरळ आहे ना ते समोरून आणि बाजूने बघावं.

• चाक फिरवून बघा. खरखर आली तर छर्रे आणि ग्रीस, डोललं तर आउट.

• रिमवर तेलाचा थेंबही नको. ब्रेक घसरतो.

• ब्रेकचे रबर आणि वायरी जुन्या ठेवू नका, दिसायला कितीही बऱ्या दिसल्या तरी.

• सीटची उंची अशी की पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. गुडघेदुखी पुष्कळदा सीट खूप खाली असल्यानेच होते.

• ओढणी, साडीचा पदर आणि सलवारीची मोहरी साखळीपासून जपा. साखळीवर पत्र्याचं झाकण बसवून घेतलेलं उत्तम.